पाण्याचा ट्रे

अनघाताई, काल तुझी शोकसभा झाली आणि तिथे मी तुझी अब्रू काढली. भरल्या हॉलमध्ये, माइक हातात घेऊन, भाऊजी आणि तुझी लेक सई पहिल्या रांगेत बसलेले असताना. दुसरं कुणी तुझ्या कानावर घालायच्या आत मीच घालते, कारण लोक तिखटमीठ लावून सांगतील आणि या गोष्टीला वरून काही लावायची गरज नाही.

कोपर्निकस मार्गावर आपल्या मराठी मंडळाची बैठक झाली तेव्हा शहाणेकाकू म्हणाल्या होत्या, "निमा, मंडळाच्या अंकासाठी अनघावर दोन पानं तू लिही. तू तिच्या सगळ्यात जवळची. छान लिही हं." तुझं शिक्षण, तुझी पदं, तुझे पुरस्कार यांची चौकट काकू स्वतःच करणार आहेत, फोटोसकट. मला फक्त छान लिहायचं आहे. काकूंनी हे छापलं नाही तरी चालेल, मी तुझ्याशी बोलते आहे. ऑफिसात तू मॅडम होतीस आणि मी 'तुम्ही' म्हणत असे, मेट्रोत बसलो की तू ताई व्हायचीस. आता तुझं ऑफिस सुटलं आहे, तेव्हा जे काय बोलायचं ते 'तू' म्हणूनच बोलणार.

आधी तुझे उपकार सांगून टाकते, म्हणजे मला कृतघ्न म्हणायला तुला जागा नको.

मी उदगीरहून दिल्लीत आले ती कलेक्टर व्हायला. करोल बागेतल्या एका खोलीत आम्ही चौघी, आणि चारही भिंतींना नकाशे. तीन वेळा आपटले. मग तुमच्या संस्थेत तांत्रिक सहायकाची जागा निघाली आणि ती परीक्षा मात्र मी सहज पास झाले. तुझ्या बीज प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी आले तेव्हा तू मान वर न करता विचारलंस, "कहाँ से हो?" मी उदगीर म्हटलं आणि तू हातातला चिमटा खाली ठेवलास. त्या रविवारी मयूर विहारला तुझ्याकडे वरणभात जेवताना मला रडू फुटलं, आणि मला मोकळेपणी रडता यावं म्हणून भाऊजींनी टीव्हीचा आवाज मोठा केला. दोन महिन्यांत तू तुझ्याच सोसायटीत मला खोली बघून दिलीस. कोंब कसा मोजायचा ते तू शिकवलंस. दोन मिलिमीटर मुळी बाहेर दिसली तरच बी उगवलं म्हणायचं, आपल्याला वाटतं म्हणून म्हणायचं नाही. "निमाने मोजलं म्हणजे परत मोजायला नको," असं तू बाहेरून आलेल्या मोठमोठ्या लोकांसमोर म्हणायचीस. तेव्हा मला कलेक्टर न झाल्याचं काही वाटायचं नाही.

म्हणूनच तू जे केलंस ते मी सोडू शकत नाही.

काकूंच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल, तेवढा वेळ तू कान बंद कर. आमचं काम म्हणजे पेरणीआधी बी वनस्पतींच्या हार्मोनच्या पाण्यात भिजवायचं. हार्मोन अगदी किंचित लागतो. ठरलेले तास भिजवायचं, कोंब फुटायच्या आत बाहेर काढायचं, सावलीत पसरून पहिल्या वजनावर येईपर्यंत सुकवायचं आणि मग पेरायचं. असं बी बाहेरून कोरडं दिसतं पण आतून जागं झालेलं असतं. जिबरेलिन नावाच्या हार्मोनने रोप सरसर उंच होतं. सॅलिसिलिक आम्लाने उंची फारशी वाढत नाही, पण खारं पाणी पाजलं किंवा उन्हाचा तडाखा दिला तरी रोप तग धरतं. बियाला आधीच एक हलकी चाहूल दिली की पुढच्या त्रासाला ते तयारीत राहतं, हे तुझं लाडकं मत. ते सांगताना तुझे डोळे चमकायचे.

आणि मेट्रोत यमुना ओलांडेपर्यंत आपलं यावरच भांडण.

"ताई, माझी आई कारल्याच्या बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवते आणि मग लावते. तिने कुठे हार्मोन बघितलाय? अर्धं काम नुसतं पाणीच करत असणार."

"अर्धं म्हणजे किती? आकडा बोल."

"आकडा कसा बोलू? आपल्याकडे पाण्याचा ट्रेच नसतो."

खरंच नव्हता. एका बाजूला कोरडं बी, दुसऱ्या बाजूला हार्मोनमध्ये भिजवलेलं, अशीच तुलना वर्षानुवर्षं चालली होती. त्यात हार्मोनची करामत किती आणि नुसत्या भिजण्याची किती, हे कळायला मार्ग नव्हता. तू हट्टी होतीस, पण तेव्हा खोटी नव्हतीस. एक दिवस राजीव चौकाच्या गर्दीत दाराशी चेंगरत तू म्हणालीस, "चलो, लाव तुझा पाण्याचा ट्रे. बघू तुझी आई जिंकते का मी." त्या दिवशी मला तू फार आवडली होतीस.

गव्हाचे चार ट्रे मी लावले. कोरडं, पाणी, जिबरेलिन, सॅलिसिलिक. चौघांनाही झज्जरकडच्या बोअरसारखं खारट केलेलं पाणी घातलं. दहाव्या दिवशी मोजणी केली. मोजून झालेल्या ट्रेच्या कोपऱ्यात लाल काडी खोचायची आपली पद्धत, तशा चार काड्या खोचल्या. पाण्याच्या ट्रेमध्ये जवळजवळ जिबरेलिनइतकीच रोपं आली होती. जिबरेलिनची उंच होती खरी, पण बारीक आणि कलणारी. सॅलिसिलिकची मात्र दोघांपेक्षा हिरवी, खाऱ्या पाण्यातही टवटवीत. म्हणजे माझी आई जिंकली आणि तूही जिंकलीस. तुझं अर्धं म्हणणं पक्कं खरं ठरलं होतं, ताई. त्या अर्ध्यावर तू जन्मभर ताठ मानेने उभी राहू शकली असतीस.

पण त्याच सुमाराला जिबरेलिनची पुडी बाजारात आणायला एक कंपनी तयार झाली होती. उंच रोपाचा फोटो चांगला येतो ना. आणि नुसत्या पाण्याने तेवढीच रोपं येतात म्हटल्यावर पुडी कोण घेणार?

मोजणी झाली की ट्रे त्याच दिवशी रिकामे करून धुवायचे असतात. त्या दिवशी होळीची सुट्टी लागत होती. मी ट्रे उचलायला गेले तर तू पर्स खांद्याला अडकवून म्हणालीस, "राहू दे गं, सुट्टीनंतर टाक. उशीर झाला तर रंगवाल्यांच्या तावडीत सापडू." मी झाकणं लावली आणि निघाले. सुट्टीनंतर येऊन बघते तर चारही ट्रेंवर बुरशी. बंद ओल्या ट्रेवर दुसरं काय येणार? मी धुवायला घेतले तर तू म्हणालीस, "थांब, एक फोटो घेते." तू फोटो घेतलास तो फक्त पाण्याच्या ट्रेचा. मला वाटलं, सहज घेतलास.

अहवालात तीनच ट्रे आले. आणि प्रयोगाच्या नोंदवहीत तुझ्या सुबक इंग्रजी अक्षरात एक ओळ आली. मराठीत सांगायचं तर अशी: पाण्यात भिजवलेला गट तांत्रिक सहायकाच्या निष्काळजीपणामुळे बुरशी लागून बाद. शेजारी तो फोटो डकवलेला.

मेट्रोत मी विचारलं, "हे काय आहे?"

"अगं, फॉर्मॅलिटी आहे. गट बाद करायचा तर काहीतरी कारण द्यावं लागतं."

"मग स्वतःचं नाव लावायचं."

"तुझं तरी नाव कुठे लिहिलंय? नुसतं तांत्रिक सहायक लिहिलंय, यार."

अख्ख्या प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक मी एकटी होते.

त्या ओळीने काय काय केलं ते तुला माहीत होतं, तरी परत ऐक. बढतीची माझी फाइल दोनदा तेवढ्या एका शेऱ्यावर परत आली. ते मी गिळलं असतं. पण त्यानंतर माझी प्रत्येक मोजणी दुसऱ्याकडून तपासून घ्यायची पद्धत पडली. कालची आलेली पोरं भिंग घेऊन माझ्या ट्रेवर वाकायची आणि संकोचून म्हणायची, "मैम, बस रूटीन है।" तू शेजारी बसून सह्या करत असायचीस. परत मोजायला नको, हे वाक्य तुझ्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

उट्टं काढायचं मी तेव्हाच ठरवलं, पण मला ते कधी धड जमलं नाही. मेट्रोतही तुला मॅडम म्हणायला लागले. तू दोन दिवस कावरीबावरी झालीस, तिसऱ्या दिवशी फॉइलमधून थालीपीठ आणलंस आणि मी खाल्लं. बायकांच्या डब्यात तुझ्यासाठी जागा धरणं बंद केलं. गुडघे दुखत असताना तू दांडीला धरून उभी राहायचीस आणि मला बघून बरं वाटायचं. नंतर वाईटही वाटायचं, पण आधी बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगू? सोसायटीच्या गणपतीत तू आरतीचं तबक माझ्याकडे दिलंस तर मी मुद्दाम पाठ वळवली. असला सगळा पोरकट वचपा. तू त्याला वचपा म्हणून मानही दिला नाहीस, "निमाचा मूड ठीक नाही" एवढंच सईला म्हणालीस.

एकदाच संधी आली होती. शेतकरी मेळाव्यात सोनिपतकडच्या एका बाईने तुझ्या हातातली पुडी उलटसुलट करून विचारलं, "मैडम जी, सादे पानी में भिगो दें तो?" तू म्हणालीस, "फ़र्क़ पड़ता है बहन जी," आणि माझ्याकडे बघितलंस. जिबरेलिनचा ट्रे माझ्याच हातात होता. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी गप्प बसले, ते पाप माझं आहे, ते मी तुझ्यावर ढकलत नाही. पण त्या क्षणी तू ज्या खात्रीने माझ्याकडे बघितलंस, की ही बोलणार नाही, त्या खात्रीची मला आजही चीड येते.

मग तू आजारी पडलीस. मागच्या महिन्यात मी नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन तुझ्याकडे आले. भाऊजी औषधं आणायला गेले होते. तू उशीला टेकून बसली होतीस, हाताची कातडी लोंबत होती. अशा माणसापुढे कागद धरायला मला लाज वाटली, तरी धरला.

"काय आहे?" तू विचारलंस, आणि न वाचताच म्हणालीस, "ठेव ते आत."

"एक ओळ लिहायची आहे, ताई. नोंद चुकीची आहे, एवढीच. मी पेन आणलंय."

"नाही, निमा."

"का?"

"तो एक ट्रे अहवालात आला की लोक बाकीचं सगळं उकरून बघतील. मागे ठेवायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

"आणि माझ्याकडे?"

"तुझ्याकडे वेळ आहे," तू म्हणालीस. मग डोळे मिटून, "पाय फार दुखतायत गं."

मी तुझे पाय चेपले. अर्धा तास चेपत होते आणि मनात तुला शिव्या घालत होते. दोन्ही मनापासून. निघताना तू माझा हात धरून ठेवलास, काहीतरी बोलशील म्हणून मी थांबले, आणि तू म्हणालीस, "गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालून जा." मी घातलं. माफी मागायला तुझ्याकडे तोंड होतं, शब्द होते, मीही समोर उभी होते. तू मागितली नाहीस.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गहू भिजत घातला.

संस्थेचे मोठे साहेब दौऱ्यावर होते म्हणून शोकसभा दोन आठवड्यांनी ठरली आणि ते माझ्या पथ्यावर पडलं. आपल्या विभागाचे हेड साहेब म्हणाले, "निमा जी, मैडम के काम का कुछ डिस्प्ले लगा दीजिए।" मी म्हटलं, बिल्कुल सर. तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी टेबलावर चार ट्रे मांडले, चौघांपुढे मोठ्या अक्षरात पाट्या. लोक फुलं वाहून वाहून ट्रे बघत होते, कौतुक करत होते. भाऊजींनी येऊन रोपांवरून हात फिरवला. तेव्हा एकदा वाटलं, पाण्याची पाटी उचलून पर्समध्ये टाकावी आणि गप्प बसावं. मग हेड साहेब तुझ्या प्रामाणिकपणावर बोलायला लागले आणि माझं वाटणं तिथेच संपलं.

मला दोन मिनिटं दिली होती. मी म्हटलं, "यह दूसरा ट्रे सादे पानी का है। मैडम की रिपोर्ट में यह ट्रे नहीं है। रजिस्टर में लिखा है कि मेरी लापरवाही से ख़राब हुआ। वह झूठ है, और मैडम ने जानते हुए लिखा।" मी होळीचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, तुझ्या 'नाही'चंही सांगितलं. शेवटी चौथ्या, सॅलिसिलिकच्या ट्रेकडे बोट करून म्हटलं की हे मॅडमचं खरं काम आहे, खाऱ्या जमिनीत हे बी टिकतं, आणि हे सिद्ध केलं ते त्यांनीच, तेव्हा रडायचं असेल तर याच्यासाठी रडा. ते वाक्य मी घरून ठरवून नेलं नव्हतं. तुझं कौतुक माझ्याच तोंडून निघालं, आणि त्याचाही मला राग आला.

नंतर चहाच्या टेबलापाशी मला वाटलं कुणी जवळ येणार नाही. हेड साहेब आले. आवाज खाली आणून म्हणाले, "इतना सब बोलने की क्या ज़रूरत थी? वह तो हम सबको पता था।"

"क्या पता था?"

"अरे, फोटो में लाल तीली लगी हुई है। गिनती हो चुकी थी, फफूँद बाद में आई। जिसने भी देखा, समझ गया।" आणि त्यांनी समोसा उचलला.

सगळ्यांना माहीत होतं, ताई. मोजणी झाली की खोचायची ती काडी बुरशीच्या त्या फोटोत पहिल्या दिवसापासून दिसत होती. माझी फाइल परत पाठवणाऱ्याला दिसत होती, माझ्या ट्रेवर भिंग घेऊन वाकायला पोरांना पाठवणाऱ्याला दिसत होती. मला वाटायचं तू त्या सगळ्यांना फसवलंस. तू कुणालाच फसवलं नव्हतंस. सगळ्यांना ते सोयीचं होतं, आणि सोय माझ्या एकटीच्या जिवावर होती. घरी येईपर्यंत माझ्या अंगाची लाही होत होती. तुझ्या वाट्याचा राग सगळ्यांत वाटला जाऊन कमी होईल असं वाटलं होतं. तसूभरही कमी झाला नाही, बाकीच्यांचा वेगळा तयार झाला.

आज दुपारी मी नोंदवही काढून बसले. आपल्याकडे चुकीच्या नोंदीवर व्हाइटनर लावायचा नसतो. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, खाली खरं काय ते लिहायचं आणि ज्याने नोंद केली त्याने सही करायची. मी पट्टी ठेवून तुझ्या ओळीवर रेघ मारली. खाली हिंदीत लिहिलं, शिपायालाही वाचता यावं म्हणून: पानी वाला ट्रे ठीक था। गिनती के समय फफूँद नहीं थी। गिनती सही है। सहीची जागा मोकळी राहिली, कारण ती तुझी होती.

एवढ्यात सई आली, तुझं सामान न्यायला. तुझा मग, चष्मा, ड्रॉवरमधला स्वेटर मी बॉक्समध्ये भरून ठेवला होता. कालच्या प्रकारानंतर ती माझ्याशी बोलेल अशी माझी अपेक्षा नव्हती. ती बॉक्सकडे न जाता माझ्या खांद्यावरून वाकली आणि पान वाचायला लागली. दोनदा वाचलं.

"मावशी, आईने सच में असं केलं?"

"हो."

"आणि तुम्ही तरी पण रोज तिच्यासोबत यायच्या? इतने साल?"

"रोज."

"का पण?"

"मला इथे दुसरं कोण होतं, सई?"

माझ्या हातातलं पेन तिने घेतलं.

"तुझी सही चालणार नाही बाळा, तू स्टाफ नाहीस."

"पता है," ती म्हणाली आणि लिहायला लागली. मराठीत लिहायची तिला सवय नाही, एकेक अक्षर शाळेतल्यासारखं काढत होती. सई लिहिलं. पुढे वडिलांचं नाव लिहितात तिथे तिने अनघा लिहिलं.

म्हणजे तुझं नाव आलं, ताई, त्या रेघेखाली. तू देणार नाही म्हणालीस ते मी तुझ्या मुलीच्या हातून घेतलं. याहून मोठा सूड मला कुठून सुचणार होता? मी पान बंद करणार तेवढ्यात पोरीने टेबलावर डोकं टेकलं आणि हुंदके द्यायला लागली. तिला जवळ घेताना मला तुझा परत राग आला, कारण हे बघायला तू इथे असायला हवी होतीस.